बोटानं घासू नकोस

एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करून घेताना आमचे चित्रकलेचे सर वर्गात स्टुलावर एक मडकं मांडायचे. शेजारी एक वांगं, मागं घडी पडलेलं फडकं. शेडिंगमध्ये पेन्सिलीच्या रेघा दिसतात त्या मला आवडायच्या नाहीत, म्हणून मी करंगळीनं हळूच घासून टाकायचे. मडकं कसं तुकतुकीत व्हायचं. सर मागून येऊन हातावर पट्टी ठेवायचे. मारायचे नाहीत, नुसती ठेवायचे. "बोटानं घासू नकोस. घासलं की मडकं, वांगं, फडकं, सगळं एकाच रबराचं होतं."

एलिमेंटरीला मला सी ग्रेड मिळाली, इंटरमिजिएटला बी. आणि २००९ पासून माझं घर चालतं ते बोटानं घासण्यावर.

फोटोशॉपमध्ये स्मज टूल म्हणून जे हत्यार आहे, त्याचं चिन्हच मुळी पुढं केलेलं एक बोट आहे. ब्लर आणि शार्पनच्या बिऱ्हाडात ते दडून बसलेलं असतं. फोटोतले रंग जणू अजून ओलेच आहेत अशा तऱ्हेनं त्यानं ते एकमेकांत ओढता येतात. ओढत ओढत सबंध फोटोचं चित्र केलं की त्याला आमच्या धंद्यात स्मज पेंटिंग म्हणतात. गिऱ्हाईक हा शब्द फारसा वापरत नाही. कुणी 'ऑइल पेंटिंगसारखं करून द्या' म्हणतं, कुणी 'ते बॅनरवर असतं तसं'. एक आजोबा 'लोणी लावलेला फोटो' म्हणाले होते. इतकं बरोबर वर्णन मला सोळा वर्षांत जमलेलं नाही.

मी कराडची. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना एका फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसायला लागले. पासपोर्ट फोटोतल्या शर्टावर कोट चढवणे, डोळे मिटलेल्या मामांना दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे लावणे, लग्नसराईत करिझ्मा अल्बमची पानं लावणे, ही कामं. स्टुडिओचे मालक, त्यांना सगळे काकाच म्हणायचे, स्वतः कॉम्प्युटरला हात लावायचे नाहीत. पण त्यांनी तरुणपणी ब्लॅक अँड व्हाइट फोटो हातानं रंगवले होते. आधी फोटो सेपिया, म्हणजे तपकिरी, करून घ्यायचा, मग काडीला कापूस गुंडाळून तेलाचा रंग पातळ पसरायचा आणि जास्तीचा पुसून घ्यायचा. रंग पातळ अशासाठी, की खालचा फोटो झाकता कामा नये. सावल्या फोटोत आहेतच, रंगानं त्यांच्यावर नुसतं बसायचं. चेहऱ्यावरचे डाग ते निगेटिव्हवरच टोकदार पेन्सिलीनं भरून टाकायचे. तिथं डाग उलटा, म्हणजे पारदर्शक दिसतो. पेन्सिलीनं तो भरला की प्रिंटमध्ये नाहीसा.

काकांचा एक नियम होता. लुगड्याचा रंग विचारल्याशिवाय ब्रश ओला करायचा नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल आणि हिरवं लुगडं एकाच राखाडीत येतं, आणि म्हातारीला आपलं लुगडं पक्कं आठवत असतं. एकदा त्यांनी न विचारता अंजिरी लुगडं रंगवलं आणि बाईंनी ते काउंटरवरच ठेवून दिलं. "ही कोण बाई?" म्हणाल्या. हा किस्सा काका मला महिन्यातून एकदा ऐकवायचे. पुढं तो माझ्या कामी येणार होता, तोही अर्धाच.

स्मजचं पहिलं काम मी माउसनं केलं. ज्यांनी माउसनं केस काढलेत त्यांनाच ते दुःख कळेल. माउसला दाब कळत नाही, त्यामुळे रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची येते, आणि तसे केस म्हणजे डोक्यावर शेवया. त्यावरची तोड अशी की पेन टूलनं एकेका केसाचा पाथ, म्हणजे त्याची वाट, काढायचा आणि मग स्ट्रोक पाथमध्ये 'सिम्युलेट प्रेशर'ला टिचकी मारायची. मग केस दोन्ही टोकांना निमुळता होतो. एका बाईच्या मोकळ्या केसांना मला दीड दिवस लागला होता, आणि काकांनी त्या फोटोचे साडेतीनशे रुपये घेतले होते. २०१४ साली भिशी लागली तेव्हा मी दाब ओळखणारा पहिला पेन टॅब्लेट घेतला. सासूबाईंना वाटलं मी पाटी आणलीय. त्यांचं काही फार चुकलं नव्हतं.

आता खरं काम कसं चालतं ते सांगते, कारण हे बटण दाबून होतं असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. तसं बटणही होतं. फोटोशॉप सीएस ६ मध्ये, २०१२ साली, ऑइल पेंट नावाचा फिल्टर आला आणि आमच्या आसपासच्या दोन स्टुडिओंनी तोच लावून फोटो विकले. चेहऱ्यावर, भिंतीवर, मंगळसूत्रावर, सगळीकडे सारख्याच वळ्या. वीटभट्टीवरची ओली माती पाहिल्यासारखं वाटायचं. मधे २०१४ च्या आवृत्तीतून तो फिल्टर काढून टाकला आणि पुढच्या वर्षी परत आणला. माझ्या कामाला दोन्ही वेळी काही फरक पडला नाही. आता मोबाइलमधली अ‍ॅपं दहा सेकंदांत पेंटिंग करतात. मी माझाच फोटो टाकून पाहिला. माझा एक पुढचा दात थोडा वाकडा आहे, तो अ‍ॅपनं सरळ केला, आणि हनुवटी कुणा नटीची लावली. चित्र छान होतं. माझ्या मुलीनं विचारलं, "ही मावशी कुठली?"

तर स्मज. ओल्या सारवणावरून बोट ओढल्यासारखं ते चालतं. जिथं बोट टेकलं तिथला रंग उचलतं आणि नेशील तिकडं नेतं, वाटेत भेटलेल्या रंगात मिसळत. स्ट्रेंग्थ नावाचा आकडा म्हणजे बोटाचा जोर. शंभर ठेवला तर पहिला उचललेला रंगच शेवटपर्यंत ओढत जातो, वाटेतलं काही घेत नाही. दहा-पंधरावर ठेवला तर नुसती कड मोडते. कीबोर्डवर १ दाबलं की दहा, ५ दाबलं की पन्नास, ० दाबलं की शंभर. माझा डावा हात सतत या आकड्यांवर आणि ब्रशचा आकार बदलणाऱ्या चौकोनी कंसांवर असतो, हार्मोनियमवर असावा तसा. ब्रश गुळगुळीत गोल घ्यायचा नाही. ठिपक्याठिपक्यांचा, झिजल्या कुंचल्यासारखा घ्यायचा, म्हणजे ओढल्यावर बारीक रेघा राहतात आणि कातडी प्लॅस्टिकची होत नाही. असा ब्रश मोठ्या फाइलवर जड चालतो. माझ्या जुन्या मशीनवर एक फटकारा मारून मी चहाचा घोट घ्यायचे, तोवर तो स्क्रीनवर यायचा.

दिशा मात्र कुठल्याच पुस्तकात वाचून येत नाही. ती मला हळदी-समारंभात कळली. नवरीला हळद लावताना बायकांचा हात कसा फिरतो ते बघा. कपाळावर आडवा, गालावर गोल, नाकावर वरून खाली, हनुवटीवर ओंजळीसारखा. चेहऱ्याचा उंचसखलपणा हाताला माहीत असतो. स्मजही तसंच फिरवायचं. कपाळावर उभं ओढलं की माणूस आजारी दिसतो. का, ते सांगता येणार नाही, पण दिसतो.

आणि काही ठिकाणी बोट फार जपून न्यायचं. पापणीच्या वरची घडी, नाकपुडीची कड, ओठांचे दोन कोपरे, कानाची पाळी. ओठांचा कोपरा एका केसाएवढा वर सरकला तरी रागीट तात्या हसरे होतात, आणि घरच्यांना नक्की काय चुकलंय ते सांगता येत नाही, नुसतं 'काहीतरी वेगळं वाटतंय' म्हणतात. गिऱ्हाईक 'काहीतरी' म्हणालं की मी आधी ओठांचे कोपरे तपासते. नंतर डोळ्यांतला उजेडाचा ठिपका. तो दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पाहिजे. फ्लॅश मारलेला असला तर तो बरोबर बुबुळाच्या मधोमध बसतो आणि डोळे गारगोटीसारखे दिसतात. मग मी तो किंचित वर-बाजूला सरकवते, खिडकी तिकडं होती असं समजून. ही लबाडी आहे. ती मी पहिल्या दिवसापासून करत आलेय.

केसांवर सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि नवीन मुलं इथंच फसतात. त्यांना वाटतं जितके जास्त केस तितकं भारी. मीही सुरुवातीला हजारभर केस मोजून काढायचे. मग एकदा आम्ही सगळे सातारा जिल्ह्यातल्या औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो होतो. डोंगरावर भवानी संग्रहालय आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं. ते राजे स्वतःही चित्रं काढायचे. तिथं रविवर्मांची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत. घरचे लोक बाहेर माकडांना चणे घालत होते आणि मी आत एका चित्रापुढं नाक लावून उभी होते. केस कुणी मोजलेलेच नाहीत! आधी एक गडद गोळा, त्यात दोन-तीन मोठ्या लाटा, आणि उजेड पडतो तिथं मोजून चार-दोन रेघा. कपाळाजवळ तर केस कुठं संपतात आणि कातडी कुठं सुरू होते ते ठरवता येत नव्हतं. घरी येऊन मी स्मजचा ब्रश मोठा केला. आधी केसांचे पुंजके ओढून घ्यायचे, कपाळाजवळ त्यांची कड मोडायची, आणि शेवटी वेगळ्या लेयरवर, म्हणजे फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक कागदासारख्या थरावर, वीस-तीसच केस, उजेडातले. दीड दिवसाचं काम तीन तासांवर आलं.

या कामाला गिऱ्हाईक का वाढलं, त्याचं एक साधं कारण आहे. ते फोटोच्या दोषांवर पांघरूण घालतं. लोकांकडं फोटो असतो तो वॉट्सअ‍ॅपवरून सतरा ठिकाणी फिरून आलेला, चौकोन चौकोन दिसणारा. तसाच तो सोळा बाय वीस इंचावर छापला तर भूत दिसेल. पण आधी मोठा करून मग घासला की चौकोन पुसले जातात आणि कुणी विचारत नाही की फोटो का फुटलाय, कारण ते आता पेंटिंग आहे. तरी मी सगळ्यांना सांगते, बाबांनो, फोटो 'डॉक्युमेंट' करून पाठवा. दहातला एक जण पाठवतो. बाकीचे माझ्या मेसेजला अंगठा दाखवतात आणि तोच फोटो पुन्हा साधाच पाठवतात.

सेवापूर्ती, साखरपुडा, पहिला वाढदिवस, ही कामं सरळ असतात. बॅनरची कामं मी कमी केलीत. 'दादांची दाढी जरा गच्च करा', 'दादांना जरा रुबाब द्या'. रुबाबाचा काही स्लायडर नसतो हे कार्यकर्त्यांना पटत नाही. आणि सगळ्यांत जास्त येणारी मागणी म्हणजे 'जरा उजळ करा'. मुलाच्या बायोडेटासाठी, सुनेच्या फोटोसाठी, अगदी बारशाच्या बाळासाठीसुद्धा. मी उजेड वाढवते. चेहऱ्यावर खिडकीतून ऊन आल्यासारखं करते. रंगाची जात बदलत नाही. काळ्यासावळ्या कातडीवरचा उजेड तांब्याच्या भांड्यावर पडल्यासारखा येतो, त्यात तांबूस आणि निळसर दोन्ही झाका असतात, आणि स्मज करायला खरी मजा तिथंच आहे. गोऱ्या चेहऱ्यावर सावलीसाठी रंग शोधावे लागतात. हे मी गिऱ्हाइकाला सांगत बसत नाही. दोन वेळा 'अजून उजळ' म्हणाले की तिसऱ्यांदा 'मशीन यापुढं जात नाही' असं सांगते.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

गेल्या पावसाळ्यात पाटण तालुक्यातल्या एका गावाहून एक दादा आले होते. पिकअप चालवतात. आईचं वर्षश्राद्ध होतं, मोठा फोटो लावायचा होता. आईचा फोटो एकच, बँकेच्या पासबुकावरचा, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. त्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर बँकेचा गोल शिक्का, खांद्यावरून वर चढत हनुवटीपर्यंत आलेला. लग्नाच्या अल्बममध्ये आई होत्या, पण मागच्या रांगेत, पदर पुढं ओढलेला, नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता.

मी फोटो ठेवून घेतला आणि काकांचा नियम पाळला. "लुगडं कुठल्या रंगाचं काढू?" ते बराच वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, "हिरवं. हिरवंच नेसायची जादा करून." हिरवं कसलं, पोपटी की गर्द, तेही विचारलं. "मिरचीच्या पानावाणी." एवढं सांगून ते गेले. मी स्वतःवर खूश.

स्कॅनरवर फोटो ठेवला, बाराशे डीपीआय. फोटो ब्लॅक अँड व्हाइट, म्हणून स्कॅनही ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या राखाडी छटांत, केला. फाइल हलकी होते, आणि सवय. आली साधारण साडेसोळाशे बाय एकवीसशे पिक्सेलची. मोठी केली. क्लोन स्टॅम्पनं, म्हणजे शेजारची कातडी उचलून वर चिकटवत, शिक्का पुसला, हनुवटीवर शिक्क्याचे तीन काळे शिंतोडे राहिले होते तेही पुसले. कपाळावर मधोमध एक गडद ठिपका होता, त्याला लाल रंग दिला, छानसं कुंकू झालं. मग रात्री दोन वाजेपर्यंत स्मज. सुरकुत्या मी पुसल्या नाहीत, एकेक जपली, डोळ्यांखालच्या पिशव्या जपल्या. मिरचीच्या पानाचं लुगडं, त्याला बारीक लाल काठ. सकाळी उठून पाहिलं तर मला वाटलं, यंदाचं माझं सगळ्यात चांगलं काम हेच.

वॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. दोन निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आले, सोबत थोरली बहीण. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. दादा दारातच अवघडून म्हणाले, "ताई, काम लई भारी झालंय. आईच हाय. पन... कसं सांगू, आमची वाटंना."

मी ओठांचे कोपरे तपासायला फाइल उघडली. बहीण स्क्रीनजवळ आल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं.

"गोंदण कुठाय?"

हनुवटीवर तीन ठिपके. शिक्क्याचे शिंतोडे म्हणून मी जे पुसले ते.

"आनि कुंकू कशाला?" दादा म्हणाले. "आबा जाऊन वीस वर्सं झाली."

कपाळावरचा ठिपकाही गोंदणच होता.

मला काही बोलता येईना. लुगड्याच्या हिरव्याची जात विचारणारी मी, तिनं कपाळावर काय आहे ते विचारलं नव्हतं. मी त्यांना बसवलं, चहा ठेवला आणि पासबुकाचा फोटो पुन्हा स्कॅनरवर घातला. या वेळी रंगीत. फोटो काळा-पांढरा असला तरी शिक्का रंगीत होता ना, जांभळ्या शाईचा. ग्रेस्केलमध्ये शिक्क्याची शाई आणि गोंदण दोन्ही एकाच राखाडीत आले होते, काकांच्या लाल आणि हिरव्या लुगड्यासारखे. रंगीत स्कॅनचे चॅनेल, म्हणजे त्यातले लाल, हिरवा आणि निळा हे तीन भाग, वेगवेगळे उघडले. जांभळी शाई हिरव्या चॅनेलमध्ये काळीकुट्ट दिसत होती. निळ्या चॅनेलमध्ये ती विरळ होत होत जवळजवळ नाहीशी झाली, आणि तिच्याखालून तीन ठिपके वर आले. दोन शेजारी, एक खाली. खालचा बरोबर शिक्क्याच्या कडेवर होता.

"ह्ये बघ," बहीण भावाला म्हणाल्या. "ह्येच."

जुनी फाइल मी एकाच लेयरवर घासलेली होती. म्हणजे खालची हनुवटी आता कुठंच शिल्लक नव्हती. नवशिक्या पोरांना मी ज्यासाठी ओरडते, तेच. रिकामा लेयर घ्यायचा, 'सॅम्पल ऑल लेयर्स' चालू करायचं आणि वरच्या वर घासायचं, म्हणजे खालचा फोटो जिवंत राहतो. घाईत नाही केलं. हनुवटी नव्यानं केली.

गोंदण काढायला मला दोन तास लागले आणि त्यात बहिणींचा हात माझ्याइतकाच आहे. मी आधी काळे ठिपके दिले. त्या म्हणाल्या, "असं काळं नसतंय." गोंदण करताना शाई काळी असली तरी कातडीच्या आत गेली की वरून हिरवट-निळी दिसते, आणि वर्षं जातात तशी आतल्या आत पसरते. ठिपक्याला कड राहत नाही. म्हणजे शरीरानंच पन्नास-साठ वर्षं हळूहळू केलेलं स्मज. मी गडद हिरव्यात थोडं निळं घालून वेगळ्या लेयरवर ठिपके दिले, लेयर मल्टिप्लायवर टाकला, म्हणजे खालची कातडी त्यातून दिसत राहते, आणि स्ट्रेंग्थ पंधरावर ठेवून चारी बाजूंनी बाहेर ओढले. थोडे फिकट केले. बहीण नुसत्या 'अजून', 'अजून' म्हणत होत्या, आणि एका क्षणी काही म्हणायच्या थांबल्या. मी पेन खाली ठेवला.

मग कुंकवाचा प्रश्न आला. मी कपाळावरचा लाल ठिपका पुसून तिथं गोंदण आणायला लागले तर बहीण म्हणाल्या, "गोंदण दावा, पन कुंकू बी राहू द्या."

दादा म्हणाले, "आक्का, भाऊबंद काय म्हनतील?"

"तू बारका होतास. तुला आईचं बिनकुंकवाचं कपाळ आठवतंय. मला तसं आठवंना."

चहा निवून गेला. दोघंही स्क्रीनकडं बघत होते आणि माझा डावा हात आकड्यांवर नुसताच पडून होता. शेवटी मी म्हटलं, दोन काढते. सोळा बाय वीसचा तुमच्या घराला, वर्षश्राद्धाला लावायला, नुसतं गोंदण. आठ बाय दहाचा आक्कांना. कुंकू वेगळ्या लेयरवर ठेवते.

आक्कांनी कुंकवाचा हिशोब पक्का सांगितला. आई आधी मेण लावायची आणि त्यावर पिंजर. टिकली नाही, गंध नाही. आकार? त्यांनी पिशवीतून एक रुपयाचं नाणं काढलं आणि टेबलावर ठेवलं. कपाळावर कुठं, तर गोंदणाच्या वर, बोटभर. आणि कड?

"मेनावरचं कुंकू हलत न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "घाम आला तरी न्हाई."

गोल काढला, पिंजरीचा लाल भरला. हात सवयीनं स्मजवर गेला होता, तो मागं घेतला. त्या अख्ख्या चित्रात बोट न लागलेली ती एकच जागा आहे.

पासबुकाचा फोटो दादांनी आठवणीनं परत मागून घेतला आणि मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवला. आक्कांनी त्यांच्या फोटोचे पैसे दादांना देऊ दिले नाहीत. पिशवीत घेवड्याच्या शेंगा होत्या, त्यातल्या अर्ध्या माझ्या स्कॅनरवर ओतल्या आणि वर साडेतीनशे रुपये मोजून ठेवले.